सिंधची वही

९ नोव्हेंबर

आज सिंध आलं!

सकाळी सव्वानऊला. मी मेथी निवडत होते. रामकुंडावरून शेखरभावजींचा फोन – "वहिनी, दादाला पाठवा. शिकारपूरवाले आलेत!" मागे कुणीतरी हसत होतं. मला वाटलं थट्टा. ही थट्टा आमच्या घराण्यात माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे.

एकदा सगळं लिहून टाकते, म्हणजे परत लिहायला नको. आमच्यात, म्हणजे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांत, यजमान गावांवर वाटलेले. घाटावर कुणी आलं की विचारायचं – गाव कोणतं? त्या गावाचा जो उपाध्याय, त्याच्याकडे तो माणूस. उपाध्यायाकडे त्या गावाची वही. आजोबा, पणजोबा, कोण कधी आलं, कशासाठी आलं, खाली त्यांच्या हातची सही. १९४६ च्या दिवाळीत यांच्या आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने वाटणी केली. आजोबा थोरले, निवडायचा पहिला मान त्यांचा. त्यांनी निवडलं सिंध. सिंधचे व्यापारी यायचे ते चांदीचं ताट ठेवून जायचे. निफाडचे शेतकरी काय देणार – पायलीभर बाजरी! म्हणून नाशिक शहर आणि निफाड धाकट्याला दिलं.

पुढच्या ऑगस्टात सिंध गेलं.

निफाडला द्राक्षं आली. धाकट्याचा नातू म्हणजे शेखरभावजी. त्यांच्या दारात दोन गाड्या आहेत. थोरल्याचा नातू म्हणजे हे. एकतीस वर्षं एका कंपनीत स्टोअरकीपर होते. दर लक्ष्मीपूजनाला लोखंडी कपाटातून सिंधच्या सात वह्या काढायच्या, कडुनिंबाचा पाला बदलायचा, हळदकुंकू वाहायचं, परत ठेवायच्या. सदतीस वर्षं पाला मीच बदलते आहे. फाळणीत आलेले सिंधी हरिद्वारला जातात, नाहीतर घाटावर जो भेटेल त्याच्याकडून करून घेतात. वही विचारत एकही आला नाही.

आज आला. म्हणजे आली. निघताना यांच्या धोतराच्या निऱ्या तीनदा चुकल्या.

१० नोव्हेंबर

काल दमले, राहिलं. बाईचं नाव मोहिनी. पंचेचाळिशीची. बरोबर आई. वडील हशमतराय शुक्रवारी गेले, त्यांच्या अस्थी घेऊन आल्या होत्या. शिकारपूर सोडून बारा वर्षं झाली, इथे नाशिकलाच द्वारका चौकाच्या मागे भाड्याने राहतात. भाऊ नाही. "मीच करणार सगळं, चालेल ना गुरुजी?" तिने विचारलं. हे म्हणाले, "शास्त्रात नाही असं नाही." एरवी यांना शास्त्रात पुष्कळ गोष्टी सापडत नाहीत. पण एकोणऐंशी वर्षांनी आलेल्या यजमानाला नाही कोण म्हणणार?

वहीत पान निघालं. वरची ओळ यांच्या आजोबांच्या हातची, मोडीत – शिकारपूर, हशमतरायाचे आजोबा, १९३८, आईच्या अस्थी. खाली त्या गृहस्थाची स्वतःची सही, कुठल्याशा तिरक्या तुटक लिपीत. मोहिनीने बराच वेळ बघितलं. तिला वाचता येईना. "ही जुनी दुकानदारांची लिपी आहे. बाबांना यायची." बाबा तांब्याच्या कलशात होते.

१२ नोव्हेंबर

हे रोज पहाटे उठून घाटावर जाऊन येतात. काम काही नाही. कुंभमेळ्यासाठी सगळा रस्ता खोदून ठेवलाय, चिखल घरात येतो.

१६ नोव्हेंबर

दशक्रिया. मोहिनीने सगळं नीट केलं. आई पायरीवर बसून होती, रडली नाही. कावळा लगेच शिवला. नाशिकचा कावळा, गाव विचारत नाही.

मग वही. यांनी नवी शाई आणली होती. सुवाच्य अक्षरात लिहिलं – हशमतराय, मुक्काम शिकारपूर, प्रांत सिंध, अमुक तिथीस निवर्तले, कन्या मोहिनी. आजोबांच्या ओळीखाली यांची ओळ. आयुष्यात पहिली! वही तिच्यापुढे सरकवली – "सही."

तिने वाचलं. पेन हातात घेतलं. परत वाचलं. पेन ठेवलं.

"नंतर करते, गुरुजी."

सहीशिवाय नोंद पुरी होत नाही. हे घरी आले, वही कपाटात ठेवली नाही. टेबलावरच आहे.

१७ नोव्हेंबर

सही नाही. हे भात तसाच टाकून उठले.

२३ नोव्हेंबर

मोहिनी घरी आली. मी बेसनाचे लाडू पुढे केले, यांनी दोन उचलले. ती यांच्याकडे बघत राहिली. "गुरुजी, रात्री किती वेळा उठता? पायाला मुंग्या येतात? साखर कधी तपासली होती?" हे म्हणाले, "आमच्यात नाही कुणाला." तिच्या पर्समध्येच सुई होती. दोनशे ब्याऐंशी!

मुलगी डॉक्टर आहे. तिकडची एमबीबीएस. इथे ती पदवी चालायला परीक्षा लागते, परीक्षेला कागद लागतो, कागदाला नागरिकत्व लागतं, नागरिकत्वाचा अर्ज गेलेला आहे. तोवर एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. पेशंट दारातून आत येईपर्यंत तिचं निदान झालेलं असतं. मग तो आत जातो आणि डॉक्टर तेच सांगतात, जरा उशिराने.

चाळीस वर्षं यजमानाची वाट बघितली. मिळाला आणि त्याने गोड बंद केलं.

जाताना सहीचा विषय निघालाच. ती सरळ म्हणाली – "गाव नाशिक लिहा. लगेच करते सही." हे हसले. मग कळलं की ती हसत नाहीये. "अहो, मूळ गाव म्हणजे मूळ गाव! पुण्यात चार पिढ्या काढलेला माणूससुद्धा इथे येऊन कोपरगाव सांगतो. ते बदलत नाही." ती म्हणाली, "कोपरगाव सांगितल्यावर त्याला कुणी घर नाकारत नाही, गुरुजी."

ती गेल्यावर हे मला म्हणाले, "तिला काय माहीत? नाशिक लिहिलं तर ती शेखरकडे जाते."

हो. तेही आहेच. नाशिक शहर शेखरभावजींचं. एक शब्द बदलला की यांचा एकुलता एक यजमान रस्त्यापलीकडे. लाडू डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवले.

४ डिसेंबर

मोहिनीला घर बदलायचंय, मालकाला जागा मुलासाठी हवी आहे. मला म्हणाली, "काकू, तुम्ही याल बरोबर? तुम्ही असलात की बरं पडतं." गेले. चांगली दोन खोल्यांची जागा, पाणी दोन वेळ. एजंट गोड बोलत होता. मग – "मॅडम, मूळ गाव?"

"शिकारपूर."

"यूपीत ना ते?"

आणि मी म्हटलं, "हो."

का म्हटलं देव जाणे. पन्नास पायऱ्या चढून गुडघा ठणकत होता, जागा बरी होती, तोंडातून निघून गेलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली मालकाच्या टेबलाशी गेल्यावर पिशवीतून सगळे कागद काढले आणि शांतपणे सांगितलं – कुठलं शिकारपूर, कधी आलो, व्हिसा कधीपर्यंत, पोलिसात नोंद कुठे. मालक भला माणूस. चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, जागा अजून द्यायचं नक्की नाही.

रिक्षात मी चिडले. "सांगायची काय गरज होती?" ती म्हणाली, "काकू, हे चौदावं घर. मी एकदाही खोटं बोललेले नाही. बाबा बोलू द्यायचे नाहीत."

म्हणजे खोटं बोललेली एकटी मीच. लाज वाटली. लिहून ठेवते.

५ डिसेंबर

यांना कालचं सांगितलं. पेपर वाचत होते. पान उलटलं नाही बराच वेळ.

२१ डिसेंबर

थंडी. यांची साखर एकशे नव्वद. मोहिनी दर रविवारी येते, बोट टोचते, चहा बिनसाखरेचा पिते, टेबलावरच्या वहीकडे बघत नाही. हेही बघत नाहीत. मी तिथली धूळ पुसते.

६ जानेवारी

मोहिनीकडे पत्र आलं. पत्रं. तीन. बारा वर्षांनी! नागरिकत्व मंजूर, कचेरीत येऊन शपथ घ्यावी. एक मोहिनीला, एक आईला, एक हशमतरायांना. "समक्ष हजर राहावे, न आल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल."

ती दारात उभी राहून हसत होती. मग तिसरं पत्र माझ्या हातात दिलं आणि तिथेच खाली बसली. मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. साठ दिवस. फक्त साठ दिवस थांबले असते तर! मला कुणाचा तरी भयंकर राग आला आणि कुणाचा ते कळेना.

रडून झाल्यावर डोळे पुसून यांना म्हणाली, "गुरुजी, कचेरी आता त्यांना नाशिकचं करू शकत नाही. तुम्ही करू शकता. एक ओळ आहे."

हे म्हणाले, "वही माझी नाही, मोहिनी. घराण्याची आहे." आणि आत गेले.

७ जानेवारी

यांच्याशी बोलले नाही.

८ जानेवारी

बोलले. गप्प राहून मलाच त्रास होतो.

म्हटलं, मूळ गाव बदलत नाही म्हणता. माझं कसं बदललं? मी मनमाडची. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये जन्मले, गाड्यांच्या वेळा पाठ होत्या, मांडवातून उठले तेव्हा मनमाडची होते. तुम्ही घरी आल्यावर घराण्याच्या वंशावळीत एका ओळीत लिहून टाकलंत – पत्नी श्यामला, नाशिक. मला सही विचारली नाहीत की कुठली शपथ घेतली नाहीत. बारा वर्षं तर सोडाच, तुम्ही चहासुद्धा घेतला नव्हता!

हे म्हणाले, "लग्नाची गोष्ट वेगळी. त्याला वहीत आधार आहे."

म्हटलं, मग दुसरा आधार शोधा. सात वह्या आहेत.

मग मी बाहेर जाऊन कोथिंबीर घेऊन आले. गरज नव्हती.

१४ जानेवारी

संक्रांत. मोहिनी आणि आई तिळगूळ घेऊन आल्या. यांना चिमूटभर दिला, मोजून. आईला मराठी समजतं, बोलते हिंदीत. हे तिला म्हणाले, "माताजी, तुम्ही सांगा. हशमतरायांना शिकारपूर सोडवत होतं का? त्यांचा जीव तिकडे असताना मी नाशिक कसं लिहू?" मला वाटलं आता म्हातारी रडणार.

ती म्हणाली, "उनको शिकारपुर में सब अच्छा लगता था. हवा अच्छी, पानी अच्छा, मिठाई अच्छी. बारह साल में एक बुरी बात नहीं बोले."

"बघा!"

"और नासिक को रोज गाली. नल को गाली, रोड को गाली, गड्ढे को गाली. कांदा महंगा, तो गाली. सस्ता, तो भी गाली. बोलते थे, गोदावरी में पानी कम, पन्नी ज्यादा, प्लास्टिक ही प्लास्टिक. कचेरी में अर्ज़ देके आए – इधर फुटपाथ ठीक करो."

हे म्हणाले, "कुठला फुटपाथ?"

"द्वारका का."

"द्वारकेचा! मी दोनदा अर्ज केलाय त्याचा!"

मग अर्धा तास द्वारकेच्या फुटपाथवर बोलत होते. मोहिनी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. त्या गेल्यावर हे म्हणाले, "नाशिककरच होता की माणूस." आणि मग घाईने, "म्हणजे, स्वभावाने."

१९ जानेवारी

मोहिनी आणि आईची शपथ झाली. मी गेले होते. तीन मिनिटं. आईने कागद उलटा धरला होता. बाहेर येऊन मोहिनीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे घरमालकाला फोन – चौदाव्या. आता कागद आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, अभिनंदन! आणि मूळ गाव?

२५ जानेवारी

हे रोज जेवण झालं की वह्या घेऊन बसतात. भिंग लागतं. घरभर कडुनिंबाचा पाला.

२ फेब्रुवारी

सापडलं! दुपारी दोन वाजता ओरडले. मला वाटलं साखर उतरली, गूळ घेऊन धावले.

चौथी वही. शके १८३५. सक्करचा कुणी लोकूमल, मुलगा नव्हता. सिंधमधल्याच हैदराबादेहून दत्तक घेतला. आजोबांच्याही वडिलांनी लिहिलंय – "जन्म हैदराबाद. सक्करास दत्तक." आणि तिथून पुढे त्या मुलाच्या सगळ्या पिढ्या सक्करच्या पानावर. हैदराबादच्या पानावर त्यांची रेघ संपलेली, पण खोडलेली नाही.

"दत्तक," हे म्हणाले. "लग्न आणि दत्तक. दोनच वाटा आहेत. हशमतरायांना नाशिकला दत्तक द्यायचं. शिकारपूर पुसायचं नाही, काही नाही. जन्म शिकारपूर. नाशिकास दत्तक."

इतके खूश होते! मग हळूहळू चेहरा उतरला. मला कळलं का. दत्तक गेलेला माणूस जुन्या घराचा राहत नाही. मुलगी, तिची पुढची सगळी – शेखरभावजींच्या वहीत. मी म्हटलं, "नका करू." खरंच म्हटलं. रविवारी ती यायची तेव्हा हे शनिवारीच दाढी करून ठेवायचे, ते मी बघितलंय. गेल्या तीन महिन्यांत हे उपाध्याय होते. त्याआधी स्टोअरकीपर होते.

हे म्हणाले, "गूळ दे तो. आणलायसच तर."

दिला नाही.

५ फेब्रुवारी

शेखरभावजी येऊन गेले. आधी खूप हसले. "दादा, मेलेल्या माणसाला दत्तक?" हे म्हणाले, "कागद मेल्यावर येतो, मग गाव मेल्यावर का नको?" भावजी म्हणाले, "पण दत्तकाला देणारा लागतो, घेणारा लागतो. देणार कोण?"

"मी. सिंधचा उपाध्याय."

"आणि घेणार?"

"तू. नाशिक तुझं आहे ना? सेहेचाळीसपासून."

भावजी हसायचे थांबले. यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "दादा, तुझ्याकडे मग राहिलं काय?" हे म्हणाले, "सात वह्या." चहा निवून गेला.

८ फेब्रुवारी

झालं. सकाळी, रामकुंडावर. जेसीबी चालू होता, मंत्र धड ऐकू येईनात. यांनी हातावर पाणी सोडलं, भावजींनी ओंजळ पुढे केली. "दिला." "घेतला." मोहिनीच्या आईने दोघांच्या हातावर हात ठेवला, हे कुठल्या शास्त्रात आहे कुणास ठाऊक. कुणी अडवलं नाही.

यांनी आधीच्या ओळीला हात लावला नाही. तिच्याच खाली लिहिलं – "जन्म शिकारपूर. नाशिकास दत्तक. पुढील नोंद नाशिकच्या वहीत." मोहिनीने सही केली. मराठीत. ठळक. मग भावजींनी त्यांची वही उघडली, नवीन पान, वर "हशमतराय, नाशिक". तिथेही तिने सही केली. पेन परत देताना वाकून यांच्या पाया पडली. मग उठून भावजींच्याही पडली – आता तिचे उपाध्याय ते.

मी तिकडे बघू शकले नाही. नदीकडे बघत उभी राहिले. पाणी कमी, पन्नी जास्त.

घरी येऊन यांनी वही पाल्यात गुंडाळून कपाटात ठेवली. टेबल रिकामं झालं. मी पुसलं.

९ फेब्रुवारी

हे दहाला उठले.

१५ फेब्रुवारी

रविवार. मोहिनी आली, बोट टोचलं. एकशे अठ्ठावीस. भावजींनी त्यांच्या ओळखीने तिला जागा बघून दिली, इंदिरानगरला. मालकाने मूळ गाव विचारलं तेव्हा भावजीच मधे म्हणाले – "नाशिक! वही आणून दाखवू?" तिने मग हळूच सांगितलं – जन्म शिकारपूरचा, सिंधमधला. मालक म्हणाला, "जन्म कुठलाही असू दे, शेखरगुरुजींचे यजमान ना?" ती हसत सांगत होती. हेही हसले.

ती गेल्यावर म्हणाले, "कपाटाची किल्ली पोराकडे, मयुरेशकडे पुण्याला देऊन ठेवू या. आता इथे काय काम तिचं?"

मी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आहे.

१ मार्च

सकाळी दार उघडलं तर जिन्यात चपला. सतरा जोड! उल्हासनगर, जळगाव, दोन कुटुंबं कोल्हापूरहून रात्रीच्या बसने आलेली. मोहिनीच्या आईने कुणाला सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. सगळे सिंधचे. सगळ्यांच्या तोंडी आजोबांची नावं, आणि सगळ्यांना तेच हवंय – जळगावास दत्तक, उल्हासनगरास दत्तक. म्हणजे प्रत्येक जण एकदा येणार, सही करणार आणि कायमचा दुसऱ्या कुणाच्या वहीत जाणार. आजोबांनी चांदीच्या ताटांसाठी घेतलेलं सगळं सिंध असं एकेक ओळ करून निघून जायचं.

किल्ली काढून दिली. पिठाने पांढरी झाली होती. हे आंघोळ करून, धोतर नेसून बसलेत. निऱ्या एकदाही चुकल्या नाहीत.

आतून हाक मारतायत – "श्यामला, शाई पुरणार नाही!"

दुकान नऊला उघडतं. मी पिशवी घेऊन उभी आहे.